तांबडा चिमटा उजव्या हाताला

गेल्या वर्षी आमच्या दवाखान्याच्या वर्धापनदिनाला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि कोल्हापुरात सत्कार म्हटल्यावर फेटा आलाच. निवेदक म्हणाले, "ह्या माणसानं सलग तीन वर्षं एकही रजा घेतलेली नाही. कामावरची निष्ठा काय असते ती यांच्याकडून शिकावी." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून उभा होतो आणि लोकांना तो विनय वाटला. खरी गोष्ट अशी, की रजा घेतली असती तर गावी जावं लागलं असतं, आणि मला गाडीत बसायची भीती वाटत होती.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यात, देवरीच्या अलीकडं. कोल्हापूर नकाशाच्या एका कोपऱ्यात आणि आम्ही बरोबर समोरच्या. गाडी आज दुपारी इथून सुटते ती उद्या संध्याकाळी तिकडं पोचवते. गावात माय एकटी. दर रविवारी तिचा फोन यायचा, "कधी येशीन रे बाबू?" आणि दर रविवारी माझं उत्तर, "सुट्टीच देत नाहीत माय." ज्यांनी मला काम शिकवलं, राहायला खोली दिली, त्यांना मी चार वर्षं आईसमोर कसाई ठरवलं आणि वर त्यांच्याच हातून शाल घेतली. दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी हे लिहून टाकावंसं वाटलं. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिखाण आहे. शबाना सिस्टरनं शुद्धलेखन तपासलंय, तरी राहिलेल्या चुका माझ्याच.

मी इथं आलो फरशी बसवायला. राजारामपुरीतल्या ज्या इमारतीत आता हृदयाचा दवाखाना आहे, तिच्या फरशीच्या कामावर मी मजूर होतो. काम संपलं, ठेकेदार गेला आणि मी राहिलो. आधी राखणदार, मग वॉर्डात, मग एके दिवशी मॅडमनी विचारलं, "मेश्राम, उजवा हात कुठला ते कळतं का?" मी उजवा हात वर केला. "तुझा न्हवं. माझा." मी त्यांच्या उजव्या हाताकडं बोट केलं. "झालं, तू ईसीजी काढणार," म्हणाल्या. ही माझी मुलाखत. मॅडम हृदयाच्या डॉक्टर, मूळ इथल्याच, बोलायला सडेतोड.

ईसीजी म्हणजे हृदयातून जी बारीक वीज फिरते तिचा कागदावर काढलेला आलेख. पेशंटला आडवं करायचं, छातीला जेली लावून सहा रबरी फुगे चिकटवायचे, हातापायांना चार चिमटे लावायचे. तांबडा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. बटण दाबलं की कागद सरकत बाहेर येतो. यात शिक्षण लागत नाही. चिमटा उलटा लावायचा नाही एवढंच लागतं. तांबडा-पिवळा बदलला की पहिली रेघ डोक्यावर उभी राहते आणि ठणठणीत माणूस कागदावर विचित्र दिसायला लागतो. म्हणून नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवतो, "रेघ उलटी आली तर आधी पेशंटकडं बघू नका, चिमट्याकडं बघा."

माझ्या बाकावर जी माणसं येतात, त्यांतली बरीच हृदयाची नसतातच. बिद्रीकडचे एक गृहस्थ होते, तानाजीराव म्हणू. साखर कारखान्यात नोकरी, चाळिशीतला धट्टाकट्टा गडी. पहिल्यांदा जीपमधून आले तेव्हा सोबत बायको, दोन भाऊ, एक मेहुणा आणि गावातली आणखी चार माणसं. घामानं भिजलेले, हाताला मुंग्या, छातीत धडधड, "मी जातोय, पोरास्नी सांभाळा," एवढंच बोलत होते. कागद काढला. सरळ, सुंदर कागद. मॅडमनी बघितला आणि मला खूण केली.

थोरल्या भावानं विचारलं, "काय म्हणतोय कागद?"

"नॉर्मल आहे. काही झालेलं नाही."

"काय न्हाय? अवो, गावातनं निघताना डोळं पांढरं करत हुता ह्यो. परत काढा की पावणं. नीट काढा."

परत काढला. परत तेच.

"मशीन जुनं हाय काय?" मेहुण्यानं विचारलं. मी म्हटलं, नवीन आहे. मग थोरला भाऊ तानाजीरावांकडं वळला. "काय रं, निम्मं गाव गोळा करून आणलंस आन तुला काय न्हाय?"

तानाजीराव शर्टाची बटणं लावत होते. माणूस मरणातून वाचला की त्याचा चेहरा फुलतो म्हणतात. यांचा नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. महिन्याभरात ते आणखी तीनदा आले. दर खेपेला जीपमधली माणसं कमी होत गेली. चौथ्या वेळी फक्त बायको होती, आणि तीही दारातूनच म्हणाली, "काढा एकदाचा कागद, म्हंजे गप बसतील."

कागद काढून मी सवयीनं म्हटलं, "काही झालेलं नाही तुम्हाला." मॅडम आतून बाहेर आल्या. "मेश्राम, हे वाक्य माझ्या दवाखान्यात परत बोलायचं न्हाय. त्यांना झालंय. हृदयाला झालेलं न्हाय." आणि स्टूल ओढून तानाजीरावांसमोर बसल्या.

"कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला तर काय करता?"

"पळतो की."

"का?"

"आग बिग लागली असंल म्हणून."

"आन आग नसंल तर?"

"तरीबी पळालेलोच असतो न्हवं."

"मग तुमच्या अंगात तेच हुतंय. भोंगा खरा वाजतोय. पळणं खरं, घाम खरा, धडधड खरी. आग तेवढी न्हाय."

तानाजीराव पहिल्यांदाच सरळ बसले. "मग भोंगा वाजवतंय कोण?"

मॅडम हसल्या. "एकटा कोण असता तर बडतर्फच केला असता." मग त्यांनी सांगितलं ते मी पडद्यामागं जेलीची बाटली पुसत ऐकत होतो. ती बाटली त्या दिवशी फार वेळ पुसली. कुणाच्या घराण्यातच हा भोंगा हलक्या हाताचा असतो, जरा धक्का लागला की वाजतो. कुणाचं कुणी गेलेलं असतं, कुणाची झोप महिनोन्‌महिने मोडलेली असते, कुणाचा चहा आणि तंबाखू अती असतो. कधी थायरॉइड बिघडलेलं असतं, म्हणून तेही तपासायचं. बहुतेक वेळा दोन-तीन कारणं एकत्र येतात, आणि नेमकं याच माणसाला का, हे पुष्कळदा डॉक्टरलाही ठामपणे सांगता येत नाही. पण पहिल्या झटक्यानंतर जे होतं ते कळतं. छाती धडधडली की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, भराभर श्वासानं डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात, मुंग्या आल्या की त्याला खात्री पटते की आता मेलो, आणि धडधड वाढते. काही मिनिटांत हे आपोआप ओसरतं. माणसाला मात्र वाटतं, दवाखान्यात आलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर येतो.

"एखादवेळी असं कुणालाबी हुतं," मॅडम म्हणाल्या. "पण परत हुईल ह्या भीतीनं माणूस जगायचं कमी करायला लागला की तो आजार. जत्रेला न्हाय जायचं, गाडीत न्हाय बसायचं, एकटं न्हाय राहायचं. भोंग्याला भिऊन कारखानाच बंद."

त्यांनी तानाजीरावांना एका मनोविकारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. बायको म्हणाली, "म्हंजे येड्याचा डागदर?" मॅडम म्हणाल्या, "व्हय. शहाण्यांनीच जायचं असतंय त्याच्याकडं."

गाडीत न्हाय बसायचं, हे ऐकलं तेव्हा बाटली माझ्या हातातून सुटली होती. माझी कथा अशी. चार वर्षांपूर्वी वडील वारले. सगळं उरकून परत कोल्हापूरला येताना गाडी कुठल्याशा लहान स्टेशनच्या बाहेर माळावर थांबली. गर्दी, उकाडा, दार लांब. आणि एकदम छातीत कुणी हातोडा मारावा तसं झालं. श्वास पुरेना. मी रोज दहा माणसांना "नॉर्मल" सांगणारा, पण त्या क्षणी मला माझा मृत्यू तिकिटासारखा हातात दिसत होता. स्टेशन आल्याबरोबर पिशवी घेऊन उतरलो, फलाटावर बसलो, आणि थोड्या वेळात बरा झालो. उतरलो म्हणून वाचलो, असंच वाटलं. पुढचा प्रवास तुकड्यातुकड्यानं, प्रत्येक तुकड्यात मरत केला. पोचल्यावर कुणी नसताना स्वतःचा ईसीजी काढला. नॉर्मल. गॅस असेल म्हटलं. कोल्हापुरात गॅसवर सगळ्यांचा विश्वास आहे.

तेव्हापासून गाडी बंद. आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत, दार लावून, आठवड्यातून एकदा स्वतःचा कागद काढायचा. पुढं तीनदा. तानाजीरावांना हसायचा मला अधिकार नव्हता. ते जीप करून यायचे आणि मी पडदा सारून, एवढाच फरक.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. भोंग्याची गोष्ट समजल्यावर मी शहाणा झालो. येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला लागलो, हा हृदयाचा, ही टेन्शनची. जयसिंगपूरहून एक शिक्षिका आल्या. शांत बसलेल्या, जबडा जरा दुखतोय, मळमळतंय, घाबरल्यासारखं होतंय म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, परीक्षेचे पेपर तपासताय का? व्हय म्हणाल्या. मी मनात शिक्का मारला आणि ओरडणाऱ्या दोघांना त्यांच्या आधी घेतलं. त्यांचा कागद काढला तेव्हा रेघा अशा होत्या की तो हातात घेऊन मी पळतच मॅडमकडं गेलो. बाई वाचल्या. पण तो गेलेला वेळ माझा होता. मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं काम कागद काढायचं. आधी कागद, मग मत. आन मत माझं." तेव्हापासून छातीचं, जबड्याचं, श्वासाचं काहीही घेऊन कुणी आलं की मी तोंड बघत नाही, आधी चिमटे लावतो. वाचणाऱ्यांनीही घरी बसून "पॅनिक असेल" असं ठरवू नये. पहिला कागद निघालाच पाहिजे.

यंदा उन्हाळ्यात मायनं फोनवर बाँब टाकला. गुडघे दुखतात म्हणून ती गावचा आठवडी बाजारसुद्धा करत नव्हती, शेजारीण भाजी आणून द्यायची. ती म्हणाली, "तुले सुट्टी देत नाई ना थे लोक? मग मीच येतो. तुह्या त्या मॅडमले विचारतो, तुमाले माय नाई का म्हून."

"माय, तुझे गुडघे."

"गुडघ्याचं मी पाहीन. तू फकस्त ठेसनावर ये."

सत्तरीची, नागपूरच्या पुढं कधी न गेलेली बाई, एकटी, एवढ्या लांब. आणि इथं येऊन मॅडमना जाब विचारणार, ज्यांनी चार वर्षांत निदान दहा वेळा मला सांगितलं होतं, "मेश्राम, आईकडं जाऊन ये की." आता दोनच वाटा होत्या. एक तर मी जायचं, नाहीतर तिला खरं सांगायचं. दोन्हींत जास्त भीती कशाची होती, ते अजून ठरवता येत नाही. मी तिकीट काढलं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी पडदा सारला. प्रवासाआधी एक शेवटचा कागद, मनाच्या समाधानाला. जेली लावली, फुगे लावले, चिमटे लावले, बटण दाबलं. कागद बाहेर आला आणि पहिली रेघ उलटी.

मी वर्षानुवर्षं जे मुलींना शिकवलं ते सगळं डोक्यातून पुसलं गेलं. चिमट्याकडं नाही बघितलं. कागदाकडंच बघत राहिलो. शेवटी आलंच, एवढंच मनात. घाम फुटला, बोटं वाकडी व्हायला लागली, दुसरा कागद काढला, रेघ उलटीच. मी ओरडलो असणार, कारण शबाना सिस्टर पडदा ओढून आत आली. कसबा बावड्याची बाई, कुठल्याही प्रसंगाला घाबरत नाही. तिनं कागद बघितला, मग मला बघितलं.

"भाऊ, तांबडा कुटं लावलायसा?"

मी बघितलं. डाव्या हाताला. आयुष्यभर समोरच्या माणसाचा उजवा हात शोधायची सवय. स्वतःला लावताना घाईत हात तसाच फिरला.

"दुसऱ्यांदा काढलासा तवाबी बगितला न्हाय?"

"नाही."

ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसत हसतच तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, आणि चिमटे बदलून नवा कागदही काढला. हसणं थांबल्यावर म्हणाली, "अल्लाची शपथ, मी कुणाला सांगणार न्हाय. पर मॅडमला तुम्ही सांगायचं. आत्ता."

मॅडमना सांगितलं. गाडी, फलाट, कागद, रविवारचे फोन, सगळं. सत्काराचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे चार वर्षं तुझी आई मला शिव्या देतीया?"

"हो."

"आन मी तुला शाल दिली."

"हो."

"तिकीट रद्द कर. उद्याच न्हाय जायचं. जायचं, पण शिकून जायचं."

तानाजीरावांना लिहून दिलेलं नाव आता माझ्यासाठी लिहिलं गेलं. त्या डॉक्टरांनी गोळी दिली, आणि गोळीपेक्षा कठीण असा गृहपाठ दिला. फिरत्या खुर्चीवर बसून मुद्दाम गरगर फिरायचं, चक्कर आणायची. जिने पळत चढायचे, छाती धडधडवायची, आणि मग गप उभं राहून बघायचं की धडधड कुणाला मारत नाही. आयुष्यभर लोकांना आडवं पडा, हलू नका सांगणारा मी, आता दवाखान्याच्या जिन्यावर खालीवर पळत होतो. बाहेर बसलेले पेशंट म्हणायचे, "पावणं पैलवानकी सुरू केली काय?" मग गाडी. आधी जयसिंगपूरपर्यंत. नियम एकच, झटका आला तरी मधे उतरायचं नाही. पहिल्या खेपेला हातकणंगल्याला दाराशी जाऊन उभा राहिलो, पण उतरलो नाही. पुढच्या खेपेला जागेवर बसून राहिलो. मग मिरज. मग पुणे.

दरम्यान मायला फोनवर खरं सांगितलं. मग तिचा पहिला प्रश्न, "म्हंजे थे लोक सुट्टी देतेत?"

"देतात माय."

"मग मी चार वर्सं त्या बिचारीले कायले शिव्या देत होतो?" मग म्हणाली, "भेव वाटते त मले सांगाचं होतं." आणि फोन ठेवला. येते म्हणायचं मात्र तिनं त्या दिवसापासून सोडून दिलं.

पावसाळा सरता सरता मी निघालो. भुसावळच्या अलीकडं गाडी आडरानात थांबली आणि तो आला. छाती, श्वास, मुंग्या, सगळं घेऊन. समोरच्या बाकावरच्या बाई पोळी खात होत्या. विचारलं, "काय होतंय भाऊ?" मी म्हटलं, "झटका आलाय, जाईल थोड्या वेळात." त्या सरकल्या. म्हणाल्या, "खिडकीशी बसता का?" मी म्हटलं, "नको, इथंच बसायला सांगितलंय." काही मिनिटं फार लांब गेली. मग नुसता थकवा उरला, आणि बाईंनी अर्धी पोळी पुढं केली.

घरी पोचलो. माय बारीक झाली होती. रडली, मग लगेच चुलीकडं वळली. दुसऱ्या दिवशी बघतो तर शिडीवरून सरसर चढून माळ्यावरची चिंच काढत होती.

"माय, गुडघे?"

ती शिडीवर तशीच थांबली. मग खाली आली, पायरीवर बसली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "गुडघ्याले काई नाई झालं." दोन वर्षांपासून बाजारात गर्दीत गेलं की तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, सगळं फिरायचं. एकदा तशीच अर्ध्या वाटेतून परत आली आणि मग गेलीच नाही. लोकांना गुडघे सांगितले. "आनी कोल्हापूरले येतो म्हनत होतो," ती म्हणाली, "त मले माईत होतं मी काई येत नाई. तू घाबरून येशीन म्हून म्हनत होतो."

तपासणी आधी केली, हे सांगतो. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, कागद काढायला लावला. तिथल्या मुलीनं तांबडा चिमटा बरोबर उजव्या हाताला लावला, ते मी नीट बघून घेतलं. नॉर्मल. डॉक्टरांनी रक्त तपासलं, भोंग्यासारखंच काहीतरी त्यांच्या भाषेत समजावलं, आणि हळूहळू बाहेर पडायला सांगितलं.

गुरुवारी बाजार. आम्ही दोघं निघालो. पहिल्या दिवशी वेशीपर्यंतच जायचं, असं ठरवलं होतं, पण ती वेशीवर थांबली नाही. भाज्यांच्या ओळीत शिरलो आणि तिनं माझा दंड घट्ट धरला. मी बघितलं, चेहरा पांढरा, ओठ कोरडे. तेवढ्यात माझीही छाती सुरू झाली. एका वांगेवालीसमोर आम्ही मायलेक एकमेकांना धरून उभे. मी श्वास मोजायला लागलो, ती काय करत होती माहीत नाही. लोक धक्के मारत जात होते.

वांगेवाली खालून बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "काय झालं वो आजी?"

माय म्हणाली, "काई नाई. आमाले दोघाले भेव वाटते. वांगे कसे लावले?"